पाटल्यांची गाडी

दसऱ्याला घरोघरी वाहनांची पूजा होते, त्यात नवल काही नाही. आमच्या घरी मात्र दोन मोटारसायकली आणि एक स्कूटी धुऊन-पुसून झाली की सासूबाई झेंडूचा सगळ्यांत मोठा हार उचलायच्या आणि परड्यातल्या चिंचेखाली जायच्या. तिथे मामंजींची जीप-पिकअप उभी होती. पुढून जीपसारखं नाक, मागे फळ्यांचा हौदा, चारही टायर जमिनीला टेकलेले. २००९ मध्ये मामंजींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती तिथे लावली, ती तिथेच. २०११ मध्ये मामंजी गेले. गाडीच्या बॉनेटवर चिंचेचा पाला साठला, हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. हार मात्र दरवर्षी चुकला नाही.

२०२४ च्या दसऱ्यानंतर भंगारवाला आला. हे आणि धाकटे भाऊजी, दोघांचं ठरलेलंच होतं. वजनावर हिशेब झाला, चाळीस हजारांवर सौदा तुटला. परड्याची जागा मोकळी होणार म्हणून मीसुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "माझ्या पाटल्या तेवढ्या काढून घ्या आधी. मग न्या गाडी."

कुणाला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. १९८६ मध्ये ही गाडी घेतली तेव्हा बँकेत भरायची पहिली रक्कम त्यांच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडून उभी राहिली होती. मामंजी म्हणाले होते, दोन सुगी झाल्या की परत करतो. मग नणंदांची लग्नं, विहिरीचं काम, ह्यांचं शिक्षण. पाटल्या काही परत आल्या नाहीत. अडतीस वर्षं ह्या बाईनं घरात कुणाला ते सांगितलं नाही. लग्न होऊन पंचवीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका चुलीवर राबते आहे, मलाही माहीत नव्हतं.

भंगारवाला विड्या ओढत बसला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं. एका परीनं बरंच झालं. मागाहून चौकशी केली तेव्हा कळलं, की गाडी नुसती भंगारात देऊन भागत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी मोडीत निघाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. नाहीतर कागदोपत्री मालक आपणच राहतो. तिच्या चॅसीचा किंवा नंबरचा कुणी गैरवापर केला तर पोलीस आपल्या दारात. २०२१ च्या स्क्रॅप धोरणानंतर सरकारमान्य केंद्रं निघाली आहेत, ती तसा दाखला देतात. मैत्रिणींनो, तुमच्या अंगणातही अशी एखादी मारुती किंवा राजदूत गंजत असेल, म्हणून एवढं सांगितलं.

तर गाडी राहिली. पण राहिली म्हणजे पुन्हा चिंचेखालीच ना? आमच्या बचत गटाचे पापड, शेवया, चटण्या दर आठवड्याला जयसिंगपूरच्या बाजाराला जातात आणि टेम्पोचं भाडं नफ्यातला मोठा घास खातं. मी सहज बोलून गेले, "ही चालती झाली तर?" हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णा-पंचगंगेच्या कुशीतलं. नृसिंहवाडीचा संगम जवळ. पाणी आम्हाला नवं नाही. २००५ च्या महापुरात ह्याच गाडीनं गावातल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, धान्याची पोती, शेळ्या असं सगळं उंचावरच्या शाळेत पोहोचवलं होतं. मामंजी दोन दिवस स्टिअरिंगवरून उतरले नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याहून वर आलं तेव्हा आम्ही बोटीतून बाहेर पडलो आणि गाडी मात्र पाण्यात राहिली. परत आलो तेव्हा सीटवर वीतभर गाळ होता. २०२१ ला पुन्हा तेच. नुसती उभी राहिलेली गाडी वेगळी आणि पुरात बुडालेली वेगळी, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक!

जयसिंगपूरचे एक वयस्कर मिस्त्री मामंजींची गाडी बघायचे. त्यांना निरोप धाडला. आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि पहिली ताकीद दिली, "वहिनी, कुणीही बॅटरी जोडून सेल्फ मारायचा नाही. हातसुद्धा लावायचा नाही."

कारण साधं होतं. इंजिनात पाणी शिरून पिस्टन गंजले असतील आणि वरून सेल्फनं जोर लावला तर जे वाचण्यासारखं आहे तेही मोडतं. त्यांनी आधी इंजिनाखालचा नट हळूच सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. त्यामुळे पहिल्यांदा भांडंभर गढूळ पाणी आलं, मग दुधाळ, चहासारखं तेल. गिअरबॉक्समधून तेच, मागच्या डिफरन्शियलमधून तेच. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीसारखं सगळं साफ करायला लागणार." मिस्त्री म्हणाले, "काकी, बरोब्बर."

नोझल काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि तेलाचं मिश्रण ओतलं आणि आठवडाभर मुरत ठेवलं. लोणचंच ते. आठ दिवसांनी पुढून हँडल घालून फिरवून पाहिलं, जागचं हललं नाही. पंधरा दिवसांनी केसभर हललं आणि पुन्हा अडलं. शेवटी हेड उतरवलं. दोन सिलिंडर बरे होते, दोन गंजून लालभडक. इंजिन बाहेर काढून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावं लागलं.

उद्यमनगराबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनापासून ट्रकच्या क्रँकपर्यंत काहीही घेऊन जा, कुठल्या ना कुठल्या लेथवर ते पुन्हा उभं राहतं. मी ह्यांच्याबरोबर दोनदा गेले. एका गाळ्यात नव्या स्लीव्ह बसवल्या, दुसऱ्या गाळ्यात क्रँक घासला, तिसऱ्याकडे डिझेल पंप आणि नोझल तपासायला दिले. प्रत्येकाचं काम एकेक, आणि शेजारच्याच्या कामात कुणी नाक खुपसत नाही. आमच्याकडे पापड लाटणारी, वाळवणारी आणि पॅकिंग करणारी जशी वेगळी, तसंच. आपली गाडी जीपच्या घराण्यातली असल्याचा इथे फायदा झाला. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला घेतली आणि तीच ठेवण पुढे दशकानुदशकं चालली, त्यामुळे सामान अजूनही मिळतं. नवं नाही मिळालं तर जुनं मिळतं. एखाद्या फॅशनेबल परदेशी गाडीचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

मधल्या काळात मिस्त्रींनी बाकीची यादी वाचून दाखवली. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. रेडिएटरच्या नळ्यांत गाळ. होज पाइप हातात घेतले की पापडासारखे तुटणारे. डिझेलची टाकी उतरवली तर आत जुन्या डिझेलचा डिंक आणि गंजाचे पोपडे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. (डॅशबोर्डच्या मागे उंदरांचं घरटं होतं आणि त्यात माझ्याच जुन्या ओढणीचे तुकडे.) पहिला अंदाज होता पंचवीस-तीस हजारांचा. तो महिनाभरात दुप्पट झाला. ह्यांचं तोंड लांब झालं. उसाचं बिल आलं होतं, म्हणून तेव्हा निभावलं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी इंजिन सुरू झालं. टाकी अजून बसवलेली नव्हती, डिझेलचा प्लास्टिकचा कॅन बॉनेटजवळ उंच टांगलेला. हातपंपानं लाइनीतली हवा काढली, सेल्फ मारला. एकदा, दोनदा, आणि मग पांढरा धूर ओकत ते बोलायला लागलं. तो आवाज! सासूबाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "थांबा, मी साखर आणतो." (आमच्या भागात बायकासुद्धा 'मी येतो, मी आणतो' असंच बोलतात.) आणि आत गेल्या.

पुढचं सांगताना अजून अंगावर काटा येतो. मिस्त्री हात धुवायला विहिरीकडे गेले होते. भाऊजींचा मुलगा, आयटीआयला जाणारा, उत्साहात सीटवर चढला. गिअर पडला, गाडी निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यानं ब्रेक दाबला तर पायाखालचं पेडल सरळ तळाला गेलं. ब्रेक नव्हतेच. त्यानं चावी बंद केली, पण जुनं डिझेल इंजिन चावीनं बंद होत नाही, त्याला वेगळी स्टॉपची वायर ओढावी लागते आणि ती वायर गंजून अडकलेली. गाडी अंगण ओलांडून तुळशीकट्ट्यावर आदळली तेव्हाच थांबली. कट्ट्याचा कोपरा उडाला. त्या कट्ट्याला टेकून सासूबाईंची खुर्ची होती. इंजिन सुरू होईपर्यंत त्या सकाळपासून तिथेच बसल्या होत्या.

खुर्चीचे दोन पाय मोडले. सासूबाई साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या.

पोराला कुणी रागावलंसुद्धा नाही, कारण तो थरथर कापत होता. मिस्त्री आले, त्यांनी पंपाच्या दांडीला हात घालून इंजिन बंद केलं आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "सुरू झाली म्हणजे गाडी झाली, असं कुणी सांगितलं तुम्हाला? चालवायला इंजिन लागतं. रस्त्यावर आणायला ब्रेक लागतो." चूक त्यांचीही होती, चाकांना दगड लावायला हवे होते, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून कबूल केलं. मला तो माणूस तेव्हापासून जास्त आवडायला लागला.

त्या रात्री घरात पुन्हा भंगाराची गोष्ट निघाली. ह्या वेळी मीच काढली. सासूबाई म्हणाल्या, "गाडीचा काय दोष? तिला थांबायला तुम्ही शिकवलंच न्हाई."

त्यानंतरचा महिना मिस्त्रींनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या गाडीला एकच मास्टर सिलिंडर आहे. पायाच्या जोरानं तोच चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो. एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक गेला. आणि ब्रेक ऑइलचा स्वभाव असा, की ते हवेतली ओल पिऊन घेतं. पंधरा वर्षं ओल पिऊन त्याचा काळा राप झाला होता. आतली रबरी बकेटं फुगून चिकटली होती, चाकांतले सिलिंडर गंजले होते, लोखंडी नळ्या दोन ठिकाणी पोकळ झाल्या होत्या. ड्रम उघडले तर लायनर सुटून हातात आले, मागे कृष्णेचा गाळ. मिस्त्री म्हणाले, ह्यातलं एकही जुनं बसवणार नाही. मास्टर सिलिंडर नवा, चारही चाकांचे सिलिंडर नवे, नळ्या नव्या, लायनर नवे. हे कुरकुरले. मी म्हटलं, रंग नको, सीट फाटकी चालेल, पण ह्यात एक रुपया वाचवायचा नाही.

ब्रेकमधली हवा काढताना दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पोरगा आता गाडीच्या जवळ येत नव्हता, हे कामावर. मग पेडलवर मी बसले. सगळ्यांत लांबचं चाक आधी. मिस्त्री खालून ओरडायचे, "पंप मारा... मारा... धरा!" मी पाय दाबून धरायची. ते निपल सैल करायचे, नळीतून बाटलीत तेल आणि बुडबुडे यायचे, पेडल खाली बसत जायचं. "धरा, सोडू नका!" त्यांनी निपल आवळल्याशिवाय पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. मी एकदा उचलला. बोलणी खाल्ली. चार चाकं, प्रत्येकाला आठ-दहा वेळा. पोटरीत गोळे आले. पण शेवटी पेडल अर्ध्यावरच टणक लागलं, दगडावर पाय दिल्यासारखं. पंचवीस वर्षं पोळपाट-लाटणं फिरवलं, पण हाताला किंवा पायाला 'काम झालं' असं इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं!

टायरवरची नक्षी चांगली होती, म्हणून ते राहतील असं मला वाटत होतं. मिस्त्रींनी बाजूला कोरलेले चार आकडे दाखवले, २३०७. म्हणजे २००७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी असली तरी रबर मेलेलं, बाजूला बारीक भेगा. भरल्या गाडीला तो कधीही फुटणार. घरच्या गाडीचे टायर बघताना हे चार आकडे बघायची सवय मला तेव्हापासून लागली. पाचही टायर बदलले. पाट्यांच्या पिना, बेअरिंगं, स्टिअरिंगची ढिलाई, दिवे, वायपर, हॉर्न हे सगळं त्या मानानं पटापट झालं.

कागदपत्रांचं प्रकरण मात्र इंजिनापेक्षा जास्त गंजलेलं. गाडी मामंजींच्या नावावर. मालक वारला की वारसानं तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायला अर्ज करायचा, असा नियम आहे. आम्ही चौदा वर्षं घालवली होती. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, फॉर्म ३१. नणंदा दोघी सह्या करायला आल्या आणि पाटल्यांची गोष्ट ऐकून आईच्या गळ्यात पडून रडल्या, तो एक वेगळाच दिवस. सासूबाईंच्याच नावावर करायची, असं त्यांनीच ठरवलं. एक गोष्ट मात्र नशिबानं सापडली. मामंजींच्या फाइलीत 'गाडी वापरात नाही' असं आधीच कळवल्याच्या पोच होत्या, ह्यांनी पुढेही काही वर्षं ते चालू ठेवलं होतं. बंद गाडीबद्दल असं आगाऊ लेखी कळवलं तर त्या काळाचा कर वाचतो. जी वर्षं कळवायची राहिली, त्यांचे पैसे भरले.

कुणीतरी सुचवलं, 'व्हिंटेज'मध्ये नोंदवा की! पण २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, शिवाय अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला तर पापड न्यायचे होते. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की दरवर्षी पासिंग. त्यात पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. जुन्या गाड्यांचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आणि नंतरही बदलत राहिलं आहे, तेव्हा जाण्याआधी त्या दिवसाचा आकडा विचारूनच जावं. कार्यालयातल्या खिडकीवर एकानं सासूबाईंना विचारलं, "आजी, आता कशाला ही उठाठेव?" त्या म्हणाल्या, "तुमचं काम करा की."

चालवणार कोण, हा प्रश्न राहिला होता. माझ्याकडे चारचाकीचं साधं लायसन्स होतं. २००६ मध्ये हौसेनं काढलेलं, दर वेळी नूतनीकरण केलेलं, पण वापरलेलं जवळजवळ नाहीच. मालवाहू गाडीला वेगळं लागेल असं सगळे म्हणत होते. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं पुन्हा पक्कं केलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते. आपल्यातल्या कितीजणींच्या कपाटात असं लायसन्स पडून असेल!

पासिंग होईपर्यंत रस्त्यावर न्यायची नव्हती, म्हणून आमच्याच शेताच्या वाटेवर मिस्त्रींच्या शेजारी बसून शिकले. स्टिअरिंग एवढं जड की पहिल्या दिवशी खांदे दुखले. हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर, त्यामुळे तो गाडी उभी असतानाच ओढायचा. रिकामी गाडी, मग दहा पोती माती भरून. दर वेळी एकच धडा, वेग घ्यायच्या आधी थांबवून दाखवा.

सगळा हिशेब केला तेव्हा खर्च एक लाख बावन्न हजारांवर गेला होता. एवढ्यात एखादा जुना टेम्पो चालू स्थितीत मिळाला असता, हे ह्यांचं म्हणणं खरं आहे आणि मी ते खोडत नाही. वाचलेल्या भाड्यातून ही रक्कम फिटायला वर्षं लागतील. दुसऱ्या कुणी विचारलं तर मी सरसकट 'करा' असं सांगणार नाही. पुरात बुडालेली असेल तर दोनदा विचार करा, असंच सांगेन.

पहिल्या खेपेला गटातल्या दोघी मागे पापडांच्या खोक्यांबरोबर येतो म्हणत होत्या. मी हौद्यात माणूस बसवणार नाही म्हटलं, त्या एसटीनं आल्या. पुढे माझ्या शेजारी सासूबाई, मांडीवर कापडी पिशवी. पुलाजवळ उतार आला, मी पाय ब्रेकवर ठेवला. पेडल टणक होतं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

जयसिंगपूरला बाजाराच्या कडेला जरा उतारावरच जागा मिळाली. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. सासूबाई माझ्याआधी उतरल्या. पिशवीतून त्यांनी एक काळा, एका बाजूनं घासलेला दगड काढला आणि वाकून मागच्या चाकाखाली सरकवला.

"हा कुठला आणला आत्ती?"

"मामांचा हाय. एवढी वर्षं चुलीमागं ठेवला होता," त्या म्हणाल्या. "आता खोकी उतरव, ऊन व्हायच्या आत."